वाळूखालचे पाणी आणि वरचे गवत : नेब्रास्कातील सँडहिल्स कुरणांची भूरचना, जलस्रोत व कीटकजीवन

अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या नेब्रास्का राज्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग वाळूच्या टेकड्यांनी व्यापला आहे. या प्रदेशास ‘सँडहिल्स’ असे म्हणतात. त्याचे क्षेत्र सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर आहे. पश्चिम गोलार्धातील वाळूच्या टेकड्यांचा हा सर्वांत मोठा विस्तार असून त्यावर गवताचे आवरण आहे. पूर्वेकडे समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असलेली ही भूमी पश्चिमेकडे चढत जाऊन सुमारे १,२०० मीटरपर्यंत पोहोचते. वार्षिक पर्जन्यमान साधारण ४०० ते ६०० मिलिमीटर आहे. म्हणजे पाऊस आपल्याकडील अवर्षणप्रवण पट्ट्याच्या तोडीचा आणि जमीन निव्वळ वाळूची. तरीही या प्रदेशात दीड हजारांहून अधिक सरोवरे आहेत, बाराही महिने वाहणाऱ्या नद्या आहेत आणि लाखो जनावरे केवळ कुरणांवर पोसली जातात.

या विसंगतीचे कारण समजून घेणे हे कुरण व्यवस्थापनात काम करणाऱ्या कोणाही कार्यकर्त्यास उपयुक्त आहे. येथील पाणी वाळूच्या पोटात साठते, आणि ती वाळू जागेवर राहते ती वरच्या गवतामुळे. यांपैकी एकाची हेळसांड झाली की दुसऱ्यावर परिणाम होतो. हा संबंध लक्षात न घेता ज्यांनी येथे शेती केली त्यांना गाव सोडावे लागले. ज्यांनी तो ओळखला त्यांची कुरणे आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत.

टेकड्यांची घडण

सँडहिल्सच्या टेकड्या वाऱ्याने रचलेल्या आहेत. त्यांपैकी काही सुमारे १२० मीटर उंच असून त्यांच्या रांगा ३० किलोमीटरपर्यंत लांब आढळतात. या टेकड्या भूवैज्ञानिकदृष्ट्या अगदी तरुण आहेत. गेल्या दहा हजार वर्षांत प्रदीर्घ अवर्षणाच्या काळात त्यांवरील गवत वारंवार मेले आणि वाळू पुन्हा पुन्हा चालू लागली. अशी शेवटची मोठी हालचाल सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वी, म्हणजे मध्ययुगात झाली. वाळूच्या थरांच्या रचनेवरून त्या काळातील वाऱ्याची दिशाही कळते. आज वसंत व उन्हाळ्यात दक्षिणेकडून येणारे वारे मेक्सिकोच्या आखाताकडील बाष्प घेऊन येतात. त्या अवर्षणकाळात हे वारे नैर्ऋत्येकडून, कोरड्या प्रदेशावरून येत असत, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे.

याचा अर्थ असा की आज हिरव्या दिसणाऱ्या या टेकड्या कायमच्या स्थिर नाहीत. त्यांना स्थिर ठेवणारे आवरण म्हणजे ब्लूस्टेम, सँडरीड, नीडलग्रास यांसारखी बहुवर्षायू गवते आणि त्यांची दूरवर पसरणारी मुळे व भूमिगत खोडे होत. येथील मातीत सेंद्रिय पदार्थाचे प्रमाण अल्प असून गडद मातीचा वरचा थर फारच पातळ असतो.

पाऊस कोठे जातो?

काळ्या चिकणमातीच्या जमिनीत पाऊस पडला की पाणी हळूहळू मुरते, बरेचसे वाहून जाते आणि वरच्या थरात राहिलेले उन्हाने उडून जाते. सँडहिल्समध्ये याच्या उलट घडते. वाळूचे कण भरड असल्याने पाणी पडताक्षणी आत शिरते. जोराच्या सरीतही उतारावरून पाणी वाहताना क्वचितच दिसते, त्यामुळे ओढे-नाल्यांचे जाळे येथे जवळजवळ नाही. वरचा काही सेंटिमीटरचा थर पावसानंतर लवकर वाळतो. पण भरड कणांमुळे केशाकर्षण दुर्बल असल्याने खालचा ओलावा वर चढत नाही. हा कोरडा थर आच्छादनासारखे काम करतो. म्हणूनच कमी पावसाच्या प्रदेशात चिकणमातीपेक्षा वाळूत अधिक जोमदार गवत वाढू शकते.

मे ते जुलै या काळात पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग गवत वापरते. उरलेले पाणी मुळांच्या खाली उतरते आणि भूजलास मिळते. हे भूजल म्हणजे प्रसिद्ध ओगलाला जलधर होय. हा जलधर आठ राज्यांखाली सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटर पसरलेला असून त्यातील सुमारे दोन तृतीयांश पाणी एकट्या नेब्रास्काखाली आहे. सँडहिल्सच्या काही भागांत पाण्याने भरलेल्या थराची जाडी सुमारे ३०० मीटर आहे. टेक्सास व कॅन्सस राज्यांत सिंचनासाठी झालेल्या उपशामुळे याच जलधराची पातळी काही ठिकाणी ३० मीटरहून अधिक खाली गेली आहे. सँडहिल्समध्ये मात्र ती फारशी बदललेली नाही. पाणी मुरवणारी वाळू, उपशाची माफक गरज आणि न नांगरलेली जमीन, ही त्याची कारणे आहेत.

सरोवरे, ओली कुरणे आणि नद्या

टेकड्यांच्या दोन रांगांमधील दरी जेथे भूजल पातळीच्या खाली जाते, तेथे पाणी उघड्यावर येते आणि सरोवर तयार होते. ही सरोवरे बहुतेक उथळ आहेत. अनेकांची खोली मनुष्याच्या कमरेएवढीही नसते. भूजल पातळी थोडी वर-खाली झाली तरी सरोवराचा विस्तार बदलतो. एका अर्थी प्रत्येक सरोवर म्हणजे निसर्गाने उघडी ठेवलेली निरीक्षण विहीरच आहे.

ज्या दरीत भूजल जमिनीच्या पृष्ठभागापासून मीटरभर खोलीच्या आत असते, तेथे पाणी उघडे दिसत नाही, पण गवताच्या मुळांना खालून सतत ओलावा मिळतो. ही ‘खालून भिजणारी’ कुरणे पशुपालकांचा खरा आधार आहेत. जुलैच्या सुमारास त्यांवरील गवत कापून वाळवले जाते आणि त्याच्या गंजी किंवा गाठी हिवाळ्यासाठी राखल्या जातात. गवताचे क्षेत्र वाढावे म्हणून पूर्वी अनेक ठिकाणी चर खणून सरोवरांचे पाणी काढून देण्यात आले. त्यामुळे चारा वाढला, पण काही पाणथळ जागा कायमच्या आटल्या.

पूर्वेकडील भागात भूजल झऱ्यांच्या रूपाने नद्यांत उतरते. लूप नदीच्या शाखा, डिस्मल, कॅलामस आणि उत्तर सीमेवरील नायोब्रारा यांचा प्रवाह प्रामुख्याने भूजलावर चालतो. म्हणून पावसाळ्यात त्यांना मोठे पूर येत नाहीत आणि कोरड्या महिन्यांतही त्या आटत नाहीत. डिस्मल नदीच्या पात्रात तळातून वर येणाऱ्या झऱ्यांमुळे वाळू उकळल्यासारखी हलताना दिसते.

पश्चिमेकडील चित्र वेगळे आहे. तेथे वाळूने जुन्या प्रवाहांचे मार्ग अडवले आणि पाण्याला बाहेर जाण्यास वाट राहिली नाही. पावसापेक्षा बाष्पीभवन अधिक असल्याने क्षार साठत गेले. परिणामी काही सरोवरांत सोडियम व पोटॅशियमच्या कार्बोनेटचे प्रमाण मोठे आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणारे पोटॅश बंद झाले, तेव्हा अमेरिकेने खतासाठी लागणारे पालाश याच खाऱ्या पाण्यातून काढले. अँटिऑक नावाचे गाव कारखान्यांमुळे एकाएकी भरभराटीस आले. युद्धानंतर जर्मन पोटॅश पुन्हा स्वस्तात मिळू लागले आणि १९२१ पर्यंत हा उद्योग संपला. आज तेथे काँक्रीटचे भग्नावशेष उरले आहेत.

नांगर हरला, कुरण टिकले

१८७० च्या दशकात पशुपालक या टेकड्यांत शिरण्यास भीत असत. वाळूत वाट चुकते, पाणी मिळत नाही आणि जनावर परतत नाही, अशी समजूत होती. १८७९ च्या सुमारास नायोब्रारा काठच्या एका रँचची जनावरे हिमवादळात भरकटून टेकड्यांत गेली. त्यांच्या शोधार्थ गेलेल्या गुराख्यांना ती मेलेली नव्हे, तर धष्टपुष्ट आढळली. शिवाय त्याआधीच्या वर्षांत हरवलेली जनावरेही तेथे वाढलेली दिसली. दऱ्यांतील गवत व पाणी यांची किंमत तेव्हा सर्वांच्या लक्षात आली.

पुढे १९०४ मध्ये काँग्रेस सदस्य मोझेस किन्केड यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्यानुसार वायव्य नेब्रास्कातील प्रत्येक वसाहतकऱ्यास ६४० एकर, म्हणजे सुमारे २६० हेक्टर जमीन मिळू शकत होती. पावसाळी प्रदेशाच्या मानाने हे क्षेत्र मोठे होते. पण या वाळूत एका कुटुंबाच्या उदरनिर्वाहास ते पुरेसे नव्हते. अनेकांनी गवत मोडून मका व धान्य पेरले. पहिली एक-दोन पिके बरी आली. नंतर सेंद्रिय पदार्थ संपला, वाऱ्याने वाळू उडू लागली आणि उगवलेली रोपे वाळूच्या माऱ्याने कापली गेली. बहुतेक कुटुंबांनी काही वर्षांतच जमिनी शेजारच्या रँचमालकांना विकून गाव सोडले. १९७० च्या दशकात फिरत्या तुषार सिंचन यंत्रांच्या साहाय्याने मक्याचा प्रयोग पुन्हा झाला. पाणी मुबलक होते, परंतु वाळूतून नत्र झिरपून भूजलात जाऊ लागले आणि भाव घसरताच शेती तोट्यात गेली. त्यांतील बरीच क्षेत्रे नंतर पुन्हा गवताखाली आणावी लागली.

आज येथील चेरी काउंटीचे क्षेत्र गोवा राज्याच्या चौपट आहे आणि लोकसंख्या केवळ साडेपाच हजारांच्या आसपास. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गायींच्या संख्येत ही काउंटी देशात अग्रस्थानी आहे. वासरे वसंतात जन्मतात, उन्हाळाभर आईबरोबर टेकड्यांवर चरतात आणि शरदात विकली जातात. एका गाय-वासरू जोडीस उन्हाळी हंगामासाठी दहा एकरांहून अधिक कुरण लागते. वाढलेल्या गवतापैकी निम्मे जागेवर सोडावे, हा तेथील सर्वमान्य संकेत आहे.

पाणवठा आणि चराईचा समतोल

उंच टेकड्यांवर सरोवर नसते, मात्र विहीर थोड्या खोलीवरच लागते. म्हणून शतकाहून अधिक काळ येथे पवनचक्कीने पाणी उपसून हौदांत साठवले जाते. अलीकडे सौरपंपही वापरात आले आहेत. हौद कोठे असावा, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. जनावरे पाण्यापासून साधारण दीड किलोमीटरच्या पलीकडे फारशी जात नाहीत. चढ असेल तर अंतर आणखी कमी होते. एकच हौद असला की त्याच्या भोवतीचे गवत खुरांखाली नष्ट होते आणि दूरचे गवत न चरता वाळून जाते.

खुरांनी उघडी पडलेली हीच जागा वाऱ्याच्या तोंडी सापडते. वारा वाळू उचलू लागला की वाटीसारखा खड्डा पडतो आणि दर वर्षी रुंदावत जातो. असे खड्डे बहुधा हौदाभोवती, कुंपणालगतच्या पायवाटांवर किंवा टेकडीच्या माथ्यावर सुरू होतात. पशुपालक अशा जागेस कुंपण घालतात, जुने गवत व शेण पसरतात आणि स्थानिक गवताचे बी टाकतात. जागा भरून येण्यास अनेक वर्षे लागतात.

आशेची एक बाबही नोंदवण्यासारखी आहे. नेब्रास्का विद्यापीठाने बार्टा ब्रदर्स रँचवर केलेल्या प्रयोगात काही वर्तुळाकार क्षेत्रांवरील गवत तणनाशकाने मुद्दाम मारले. तरीही वाळू लगेच चालू लागली नाही. मेलेल्या मुळांनी तिला काही काळ धरून ठेवले. अवर्षणानंतर कुरण सावरण्यासाठी निसर्ग अशी थोडी मुदत देतो. त्या मुदतीत चराई थांबवली नाही, तर मात्र मुळे कुजतात आणि हानी वेगाने वाढते.

कीटक : ओलाव्याचे आणि उघड्या वाळूचे निदर्शक

या प्रदेशातील पाण्याची मांडणी कीटकांच्या वितरणातही उमटलेली दिसते. पश्चिमेकडील अतिखाऱ्या सरोवरांत मासे जगत नाहीत. पण क्षारमाश्यांच्या अळ्या व खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म झिंगे विपुल असतात. स्थलांतर करणारे पाणपक्षी त्यांवर ताव मारतात.

ओलसर कुरणांत अमेरिकन पुरणारा भुंगेरा आढळतो. निक्रोफोरस अमेरिकानस हे त्याचे शास्त्रीय नाव. मृत पक्षी वा उंदीर जमिनीत पुरून त्यावर पिलांचे पोषण करणारा हा कीटक आहे. एकेकाळी अमेरिकेच्या पूर्वार्धात सर्वत्र असलेला हा भुंगेरा आज मोजक्या प्रदेशांत उरला असून सँडहिल्स हे त्याचे एक मोठे आश्रयस्थान आहे. त्याच्या शरीरातून पाणी लवकर उडते, म्हणून त्यास ओलावा टिकवणारी माती लागते. १९८९ मध्ये त्यास संकटग्रस्त घोषित करण्यात आले. २०२० मध्ये त्याची श्रेणी काहीशी सौम्य करण्यात आली. ओले कुरण कोरडे झाले, तर हा कीटकही तेथून जातो.

याच्या उलट, वाऱ्याने पडलेल्या उघड्या खड्ड्यांत काही जातींचे वाघ-भुंगेरे राहतात. त्यांच्या अळ्या मोकळ्या वाळूत उभी बिळे करून भक्ष्याची वाट पाहतात. याच खड्ड्यांत उगवणारी पेन्स्टेमन हेडेनी ही वनस्पती १९४० च्या सुमारास नष्ट झाली असे मानले गेले होते. १९६८ मध्ये ती पुन्हा सापडली. पशुपालकांनी खड्डे बुजवण्यात मिळवलेले यश तिच्या मुळावर आले होते. त्यामुळे उघडी वाळू किती असावी, याचे उत्तर शून्य असे देता येत नाही.

पशुपालकांना त्रास देणाऱ्या कीटकांचाही पाणी व चराईशी थेट संबंध आहे. शिंगमाशी ताज्या शेणातच अंडी घालते आणि उरलेला काळ जनावराच्या अंगावर रक्त शोषत राहते. एका जनावरावर २०० माश्या ही तेथील उपाययोजनेची मर्यादा मानली जाते. शेणकिडे शेणाचा पो लवकर पोखरून व पुरून या माशीची पैदास घटवतात. आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकाचा अंश शेणात उतरला, तर त्या शेणकिड्यांची वाढ खुंटते. पायांना चावणारी तबेला माशी शेणापेक्षा कुजक्या चाऱ्यात अधिक वाढते. हिवाळ्यात एकाच जागी गाठी टाकल्या की सांडलेले गवत, शेण व मूत्र यांचा थर तयार होतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस तेथूनच माश्या निघतात. गाठ उलगडून पसरणे आणि चारा टाकण्याची जागा रोज बदलणे हा त्यावरील बिनखर्चाचा उपाय आहे.

नाकतोड्यांच्या अनेक उपद्रवी जाती उघड्या, उन्हाने तापलेल्या जमिनीत अंडी घालणे पसंत करतात. गवत दाट राहिले की जमीन थंड राहते आणि पिल्लांची वाढ मंदावते. नॉर्थ डकोटा राज्यातील अभ्यासांत फेरपालटीच्या चराईखाली नाकतोड्यांची संख्या सततच्या चराईपेक्षा कमी आढळली आहे.

नवे संकट : झाडोरा

गवताळ प्रदेशात आग नियंत्रित झाल्यापासून इस्टर्न रेडसीडर हा सदाहरित वृक्ष दऱ्या-टेकड्यांवर पसरत आहे. त्याची काही लागवड वारारोधक म्हणून मुद्दाम केली गेली होती. झाडाखाली गवत मरते, वर्षभर पाणी शोषले जाते आणि भूजलास मिळणारा वाटा घटतो. म्हणून आता पशुपालक एकत्र येऊन नियंत्रित जाळणी व कापणी करीत आहेत. कुरणात वृक्ष लावले म्हणजे हित झालेच, असे मानता येत नाही.

भारतीय कुरणांसाठी काय घ्यावे?

सँडहिल्सची नक्कल आपल्याकडे होऊ शकत नाही. दख्खनच्या माळरानाखाली कठीण बेसाल्ट आहे; त्याची पाणी साठवण्याची क्षमता वाळूच्या तुलनेत फारच कमी. तरी निसर्गक्रमात साम्य आहे. कच्छच्या बन्नी कुरणात १९६० च्या दशकात लावलेल्या वेड्या बाभळीने मोठे क्षेत्र व्यापले. जैसलमेरकडील सेवण गवताची कुरणे कालव्याचे पाणी येताच नांगराखाली गेली, तर काही ठिकाणी जमिनी पाणथळ व क्षारयुक्त झाल्या. पाणी आले, पण ज्या गवतावर पशुपालन उभे होते ते गेले.

विस्तार कार्यकर्त्यांनी व कुरण विकास समित्यांनी पुढील बाबी पाहाव्यात :

१. पाणवठा ठरवण्यापूर्वी कुरणाचा नकाशा काढून प्रत्येक भागापासूनचे अंतर मोजावे. एका मोठ्या हौदापेक्षा विखुरलेले लहान हौद गवतास हितकारक ठरतात.

२. पाणवठ्याभोवतीच्या उघड्या जमिनीचा घेर दर वर्षी एकाच महिन्यात मोजून नोंदवावा. घेर वाढत असेल तर चराईचा भार अधिक आहे, असे समजावे.

३. अवर्षणानंतरच्या पहिल्या पावसात चराई बंद ठेवावी. जिवंत मुळांना पुन्हा फुटवा येण्यासाठी हाच काळ निर्णायक असतो.

४. चारा टाकण्याची जागा बदलत राहावी. साचलेला ओला कचरा पसरून वाळवावा.

५. जंतनाशक सरसकट न देता पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, गरज असलेल्या जनावरांनाच द्यावे. शेणाचे पो महिनोन्‌महिने तसेच पडून असतील, तर शेणकिडे कमी झाले आहेत, हे ओळखावे.

६. माळरानावर वृक्षलागवडीचा प्रस्ताव आल्यास तेथे आज कोणते गवत आहे आणि भूजल किती खोल आहे, याची नोंद आधी घ्यावी.

किन्केड कायद्याने आलेल्या कुटुंबांना जमीन मिळाली, कष्ट करण्याची त्यांची तयारीही होती. त्यांच्या पायाखाली पाण्याचा अफाट साठा होता. त्यांच्याजवळ नव्हते ते एवढेच ज्ञान, की त्या पाण्याचा उपयोग गवताच्या मार्गानेच होऊ शकतो. आपल्या माळरानांवर नवी योजना आखताना हे ज्ञान आधीच हाताशी असणे, ही विस्तार यंत्रणेची जबाबदारी आहे.